तिकिटाऐवजी ठसा : 'त्यात नवे ते काय?'

बँकेकडून, विमा कंपनीकडून किंवा एखाद्या मोठ्या कारखान्याकडून आलेले पाकीट घरात असेल, तर त्याच्या उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्याकडे जरा पाहा. पुष्कळदा तिथे तिकीट चिकटवलेले नसते. नुसता एक ठसा असतो. त्यात टपालाची रक्कम, तारीख, गावाचे नाव आणि यंत्राचा क्रमांक एवढाच मजकूर. तरीही पोस्टमन ते पत्र नॉटपेड म्हणून तुमच्याकडे दंड मागत नाही. कारण तो ठसा म्हणजेच तिकीट. आपल्याकडे या पद्धतीला फ्रँकिंग म्हणतात, आणि ज्या यंत्राने तो ठसा उमटतो त्याला फ्रँकिंग मशीन.

या लहानशा ठशाच्या पोटात एक मोठा वाद दडलेला आहे. वाद असा : एखादी वस्तू नवी आहे हे कबूल, पण ती त्या धंद्यातल्या कुणालाही सहज सुचण्यासारखी होती की काय? तशी असेल, तर तिच्यावर एकट्या माणसाने मालकी का सांगावी? आणि नसेल, तर 'त्यात काय मोठेसे!' म्हणून शोधकर्त्याला त्याच्या हक्काला का मुकवावे? या प्रश्नाचा इतिहास आज आपण पाहू. तो मुख्यतः अमेरिकेत घडला. पण त्यात दाराची मूठ आहे, खडकाळ रानातला नांगर आहे, आणि शेवटी आपल्या देशातली मिर्झापूरची भांडीही आहेत.

आधी यंत्र समजून घेऊ. अशी कल्पना करा, की एक कुलूपबंद पेटी आहे. तिच्यात कोरलेला धातूचा ठसा आहे आणि मोजणीची दोन चक्रे आहेत. एक चक्र आजवर किती रकमेचे टपाल छापले ते वाढवत जाते. दुसरे, आगाऊ भरलेल्या पैशांतली शिल्लक कमी करत जाते. पेटी टपालकचेरीत न्यायची, पैसे भरायचे, तिथल्या अधिकाऱ्याने तेवढी रक्कम चक्रावर लावून पेटीला सील ठोकायचे. मग कचेरीत बसून पाकिटांवर हवे तेवढे ठसे मारा. शिल्लक संपली की यंत्र आपोआप अडते. दांडा दाबा, हँडल फिरवा, काही उपयोग नाही. पुन्हा पैसे भरल्याशिवाय ठसा उमटायचा नाही.

हे यंत्र अमेरिकेत उभे केले आर्थर पिटनी या गृहस्थांनी. ते शिकागोत भिंतींना लावायचे नक्षीदार कागद विकणाऱ्या दुकानात कारकून होते. हजारो पत्रांना तिकिटे चिकटवण्यात दिवस जातो आणि पेटीतली तिकिटे नोकरांच्या खिशात जातात, ही त्या काळच्या व्यापाऱ्यांची डोकेदुखी होती. पिटनींना १९०२ साली आपल्या यंत्राचे पेटंट मिळाले. पण टपालखात्याच्या पैशांचा प्रश्न! एका खाजगी माणसाच्या पेटीवर सरकारने विश्वास कसा टाकावा? मान्यता मिळता मिळेना. पुढे वॉल्टर बोझ यांची गाठ पडली. टपालकचेऱ्यांना तिकिटे रद्द करण्याची शिक्कायंत्रे पुरवण्याचा बोझ यांचा धंदा होता. दोघांची मिळून 'पिटनी-बोझ' ही कंपनी १९२० साली निघाली आणि त्याच वर्षी टपालखात्याने यंत्राला मान्यता दिली.

आता इथे एक हिशेब करून पाहा. त्या काळी अमेरिकेत पेटंटची मुदत होती सतरा वर्षे. १९०२ मध्ये सतरा मिळवले की १९१९ होतात. म्हणजे पहिल्या पेटंटची मुदत संपली १९१९ मध्ये, आणि यंत्राला मान्यता मिळाली १९२० मध्ये! पुढच्या काळात कंपनीचा जोर राहिला तो नंतरच्या सुधारणांवर घेतलेल्या पेटंटांवर. आणि सुधारणांची पेटंटे म्हटली, की आपला प्रश्न आलाच. जुन्या पेटीत केलेला हा बदल शोध म्हणायचा, की चांगल्या मिस्त्रीचे रोजचे काम?

पेटंट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. तो समाजाने शोधकर्त्याशी केलेला एक सौदा आहे. तू तुझी युक्ती लपवू नकोस, सविस्तर लिहून सर्वांपुढे ठेव. त्याच्या मोबदल्यात काही वर्षे ती वापरण्याचा हक्क तुझा एकट्याचा. आज बहुतेक देशांत ही मुदत अर्जापासून वीस वर्षांची आहे. मुदत सरली की युक्ती सर्वांची. सौदा न्याय्य आहे. पण एका अटीवर. समाजाला मिळणारी युक्ती खरोखरच नवी आणि डोके लढवून काढलेली हवी. जे उद्या कुणीही सहज केले असते, त्याच्यासाठी वीस वर्षे कुलूप कशाला?

पिटनींच्या यंत्राकडे या नजरेने पाहिले तर काय दिसते? कोरीव ठसा जुना. मोजणीची चक्रे जुनी. कुलूप तर त्याहून जुने. एवढेच नव्हे, तर नॉर्वेत १९०० साली आणि न्यूझीलंडमध्ये अर्नेस्ट मॉस यांच्या खटपटीने १९०४ साली अशाच जातीची यंत्रे टपालासाठी वापरात आली होती. जगाच्या तीन कोपऱ्यांत चार-पाच वर्षांच्या आत तीच कल्पना निघाली. मग ती उघड होती काय? की गरज सगळीकडे सारखी होती म्हणून हुशार माणसे सगळीकडे एकाच वाटेला लागली? दोन्ही बाजूंनी बोलता येते, आणि म्हणूनच न्यायाधीशांना मोजपट्टीची गरज पडली.

ही मोजपट्टी शोधण्याची सुरुवात झाली एका दाराच्या मुठीपासून. १८४१ साली अमेरिकेत एक पेटंट दिले गेले. दाराची मूठ लाकडाची किंवा धातूची करण्याऐवजी ती भाजलेल्या मातीची किंवा चिनी मातीची करायची, एवढीच त्यातली गोष्ट. मुठीत धातूचा दांडा घट्ट बसवण्याची पद्धत आधीपासून ठाऊक होती. मातीच्या मुठीही ठाऊक होत्या. नवे एवढेच, की ती पद्धत या मुठीला लावली. मूठ स्वस्त झाली, टिकाऊ झाली, हे सर्वांना मान्य. तरीही १८५१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवले. हॉचकिस विरुद्ध ग्रीनवूड असे त्या खटल्याचे नाव. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की एका पदार्थाऐवजी दुसरा, अधिक चांगला पदार्थ वापरणे हे कुशल कारागिराचे काम आहे, शोधकर्त्याचे नव्हे.

ही मातीची मूठ लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक वादात ती वेगळ्या वेषात पुन्हा येते.

यानंतर नव्वद वर्षे न्यायालये 'कारागीर' आणि 'शोधकर्ता' यांच्यातली रेघ ओढत राहिली. रेघ कधी इकडे सरके, कधी तिकडे. १९४१ साली तर एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे सुचवले, की शोधात प्रतिभेची एकाएकी चमकलेली वीज दिसली पाहिजे. मोटारीत सिगारेट पेटवण्याच्या साधनाविषयीचा तो खटला होता. यावर पुष्कळ ओरड झाली. दहा वर्षे घाम गाळून, शंभर वेळा चुकून, हळूहळू उत्तरापर्यंत पोचलेल्या माणसाने काय करायचे? त्याच्या डोक्यात वीज चमकली नाही, म्हणून त्याचा शोध शोधच नव्हे?

अखेर १९५२ साली अमेरिकेच्या कायद्यात स्पष्ट कलम घातले गेले. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली : त्या धंद्यातल्या सर्वसाधारण जाणकार माणसाला, शोध लागला त्या वेळी जी गोष्ट उघड वाटली असती, तिला पेटंट नाही. दुसरी : शोध कसा लागला, विजेसारखा की घाम गाळून, हे पाहायचे नाही. या कलमातले 'त्या वेळी' हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. शिक्षकमंडळींना याचा अनुभव रोजचा आहे. फळ्यावरचे अवघड गणित सोडवून दाखवले, की मागच्या बाकावरून आवाज येतो, 'हॅ, हे तर सोप्पं होतं!' सोडवण्याआधी मात्र एकही हात वर झालेला नसतो. कोडे सुटल्यावर ते सोपेच दिसते. मराठीत आपण याला पश्चातबुद्धी म्हणतो. कायदा सांगतो, की न्यायाधीशाने त्या पश्चातबुद्धीपासून सावध राहावे.

या कलमाचा अर्थ काय, हे ठरले २१ फेब्रुवारी १९६६ या दिवशी. त्या दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालांतले दोन आपल्याला जवळचे वाटतील असे आहेत.

पहिला नांगराचा. खडकाळ जमिनीत नांगर चालवणाऱ्याला सांगायला नको, की फाळ दगडावर आदळला म्हणजे काय होते. तिकडे ट्रॅक्टरच्या मागे अनेक फाळांचे नांगर. दगड लागला की दांडे मोडत. ग्रॅहम नावाच्या गृहस्थांनी स्प्रिंगची अशी पकड केली, की दगड आला की दांडा वर उचलला जाई आणि दगड ओलांडला की पुन्हा जागेवर येई. त्याचे एक पेटंट त्यांच्याकडे होते. नंतर त्यांनी त्यात बदल केला. पूर्वी दांडा एका पट्टीच्या वर बसे, तो त्यांनी खाली घेतला. त्याने झीज कमी झाली, दांड्याला लवायला अधिक वाव मिळाला. या बदलावर दुसरे पेटंट. जॉन डिअर कंपनीशी वाद झाला. गंमत अशी, की याच पेटंटाला आधी एका अपील न्यायालयाने खरे ठरवले होते आणि दुसऱ्याने खोटे! शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. दांडा वरचा खाली घेणे हे त्या कामातल्या जाणकाराला सुचण्यासारखे होते, असा निर्णय झाला.

दुसरा निकाल बॅटरीचा, आणि तो उलट गेला. ॲडम्स नावाच्या गृहस्थांनी मॅग्नेशियम आणि तांब्याचा एक क्षार घेऊन अशी बॅटरी केली, की नुसते पाणी घातले की ती चालू होई. महायुद्ध चालू होते. त्यांनी ती सैन्याच्या तज्ज्ञांना दाखवली. तज्ज्ञांनी मान हलवली, हे चालायचे नाही. १९४३ साली ॲडम्सना पेटंट मिळाले. पुढे सरकारने तीच बॅटरी वापरायला घेतली, आणि ॲडम्सना कळवलेही नाही. त्यांना ते समजले १९५५ साली. दावा लागला, तेव्हा सरकारी वकिलांनी मुद्दा मांडला, की यातले पदार्थ सगळे जुनेच, ही युक्ती तर उघड होती! न्यायालयाने तो मुद्दा मानला नाही. जी गोष्ट तुमच्याच तज्ज्ञांना खरी वाटत नव्हती, ती उघड कशी? ॲडम्स जिंकले.

या दोन निकालांतून मोजपट्टी मिळाली. आधी कोणते ज्ञान उपलब्ध होते ते पाहा. नव्या वस्तूत आणि त्यात फरक काय ते पाहा. त्या धंद्यातला सर्वसाधारण कारागीर कितपत जाणकार असतो ते पाहा. आणि जोडीला हेही विचारा, की या गोष्टीची गरज लोकांना फार दिवसांपासून होती काय? इतरांनी प्रयत्न करून हात टेकले होते काय? ती बाजारात खपली काय? हे शेवटचे प्रश्न महत्त्वाचे. कारण उघड असती, तर इतकी वर्षे कुणी केली का नाही?

आता पुन्हा आपल्या ठशाकडे वळू. १९५९ सालापर्यंत अमेरिकेतल्या टपाल-यंत्रांचा जवळजवळ सगळा धंदा पिटनी-बोझ कंपनीच्या हाती होता. तिथल्या सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला, आणि त्याच वर्षी झालेल्या समेटाच्या हुकूमनाम्याने कंपनीला आपली पेटंटे इतर कारखानदारांना वापरू देणे भाग पडले. यावरून ध्यानात येईल, की लहान लहान सुधारणांवरची पेटंटे एकावर एक रचली, की त्यांची केवढी भिंत होते.

पुढे संगणक आला. धातूच्या ठशाच्या जागी बारीक शाईचे ठिपके उडवणारी किंवा उष्णतेने छापणारी यंत्रे आली. पेटी टपालकचेरीत न नेता टेलिफोनवरून शिल्लक भरण्याची सोय झाली. मग प्रश्न उभा राहिला, की कोरीव ठशाची नक्कल करणे कठीण. पण साध्या छापयंत्राने काढलेले चित्र कुणीही काढील. विश्वास कशावर ठेवायचा? उत्तर असे निघाले, की ठशात चौकोनी ठिपक्यांचा सांकेतिक आकडा छापायचा. प्रत्येक पाकिटाचा आकडा वेगळा. टपालखात्याचे यंत्र तो वाचून ताडून पाहू शकते. म्हणजे कुलूप लोखंडाचे होते, ते गणिताचे झाले.

१९९९ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकन टपालखात्याने घरच्या संगणकावरून टपालाचा ठसा छापण्याची परवानगी ई-स्टॅम्प आणि स्टॅम्प्स डॉट कॉम या दोन कंपन्यांना दिली. त्याआधीच, जूनमध्ये, पिटनी-बोझने दोघींवर पेटंटभंगाचे दावे लावले होते. दोघींची पद्धत एक नव्हती. ई-स्टॅम्पची कुलूपबंद पेटी लहान होऊन गिऱ्हाइकाच्या संगणकाला जोडलेली असे. स्टॅम्प्स डॉट कॉमने ती पेटीच गिऱ्हाइकाकडून काढून कंपनीच्या दूरच्या संगणकात ठेवली. गिऱ्हाइकाकडे राहिले ते फक्त छापयंत्र.

अशा खटल्यांत बचाव करणाऱ्याच्या हातात नेहमी एक ढाल असते : तुमचे पेटंट मुळातच उघड गोष्टीवर आहे. ठसा, शिल्लक, हिशेब, कुलूप हे सगळे १९२० पासून होते. संगणक होता, दूरसंचाराच्या तारा होत्या, सांकेतिक आकड्यांचे शास्त्र होते. तुम्ही लाकडाच्या जागी माती घातली, म्हणजे चक्राच्या जागी संगणक घातला, एवढेच! पेटंटवाला उत्तर देतो, एवढे सोपे होते तर मग आधी कुणी का केले नाही? पैसे बुडू न देता, एकच ठसा दोनदा वापरू न देता, ही जुळणी करणे हेच खरे काम होते. पाहा, मातीची मूठ पुन्हा आली की नाही?

या वादांना २००७ साली एक नवे वळण मिळाले. मोटारीच्या पायाखालच्या दाबपट्टीला विजेचा संवेदक जोडण्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जाणकार कारागीर म्हणजे यंत्रमानव नव्हे. त्याच्याकडेही सर्वसाधारण कल्पकता असते. जुन्या दोन गोष्टी एकत्र करा असे कुठे लिहून ठेवलेले सापडले पाहिजे, अशी सक्त अट नको. ठाऊक असलेल्या वस्तू ठाऊक असलेल्या पद्धतीने जोडल्या आणि अपेक्षित तेच फळ मिळाले, तर तो शोध नव्हे. यामुळे 'उघड आहे' ही ढाल पूर्वीपेक्षा जड झाली. स्टॅम्प्स डॉट कॉमलाही पुढे खटल्याची दुसरी बाजू पाहायला मिळाली. पूर्वी ती प्रतिवादी होती. २००६ साली तिने आपल्या पेटंटांच्या जोरावर एंडिशिया या दुसऱ्या कंपनीवर दावा लावला. न्यायालयाने त्या दाव्यातले पेटंटहक्क टिकणारे नाहीत असे ठरवले, आणि २०११ साली अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. काल ज्याने ढाल धरली होती त्याने आज तलवार धरली, एवढाच फरक.

आपल्या देशातही ही मोजपट्टी वापरली गेली आहे. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरला धातूची भांडी होतात. भांडे लेथवर धरून घासताना ते सुटून उडे आणि कारागिराला इजा होई. तिथल्या एका कारखान्याने भांडे घट्ट दाबून धरण्याची सोय केली आणि तिच्यावर १९५१ सालचे पेटंट मिळवले. शेजारच्या दुसऱ्या पेढीने ती वापरली, म्हणून दावा झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १३ डिसेंबर १९७८ रोजी निकाल लागला. दाब देऊन वस्तू धरण्याची युक्ती लेथच्या धंद्यात जुनीच होती. ती भांड्यांना लावणे ही कारखान्यातली साधी सुधारणा आहे, शोध नव्हे, असे ठरवून पेटंट रद्द झाले. आपल्याकडे या विषयावर बोलताना आजही त्या निकालाचा हवाला दिला जातो.

म्हणजे हा वाद दूर देशातला नाही. गावचा लोहार पाभरीला एखादी नवी कडी लावतो, वखराची पास वेगळ्या कोनात बसवतो. अशा रोजच्या सुधारणांवर कुणी परका माणूस कागद मिळवून हक्क सांगू लागला, तर लोहाराचे हात बांधले जातील. 'उघड गोष्टीला पेटंट नाही' हा नियम त्या लोहाराचे रक्षण करतो. पण त्याच लोहाराने उद्या खरोखरच कुणाला न सुचलेली युक्ती काढली, तर एखादा मोठा कारखानदार ती उचलून म्हणेल, 'त्यात नवे ते काय?' आयत्या बिळावर नागोबा व्हायला कितीसा वेळ लागतो! तेव्हा ॲडम्सचा निकाल त्याच्या बाजूने उभा राहतो. एकच नियम दोघांना सांभाळतो, म्हणूनच तो चालवणे इतके अवघड आहे.

यातून दोन व्यवहाराच्या गोष्टी घेण्यासारख्या आहेत. कुणी नवी युक्ती काढली असेल, तर ती तारखेनिशी, आकृतीसह वहीत लिहून ठेवावी. काय काय करून फसले तेही लिहावे. कारण ते फसलेले प्रयत्नच पुढे सांगतात, की गोष्ट सोपी नव्हती. आणि पेटंट घ्यायचे मनात असेल, तर अर्ज करण्याआधी ती चार लोकांत जाहीर करू नये. सर्वसाधारण नियम असा, की जाहीर झालेली गोष्ट नवी राहत नाही.

आणि शिक्षकहो, वर्गात एखाद्या शोधाची गोष्ट सांगाल, तेव्हा मुलांना शोध लागल्याच्या दुसऱ्या दिवशी उभे करू नका, आदल्या दिवशी उभे करा. हातात तिकिटांचा गठ्ठा आहे, पाचशे पाकिटे चिकटवायची आहेत, पेटीतली तिकिटे चोरीला जात आहेत. आता सांगा, तुम्ही काय कराल? पाच मिनिटे त्यांना विचार करू द्या. मग पिटनींची पेटी फळ्यावर काढा. त्यानंतर कुणी 'हे तर सोप्पं होतं' म्हणाले, तर शेजारचा मुलगाच त्याला विचारील, 'मग मघाशी का नाही सांगितलंस?'